नळीतला पांढरा थर

यंत्र विकायला आलेला माणूस गळ्यात टाय बांधून आणि दोन्ही हातांनी एक खोकं छातीशी धरून दारात उभा राहिला, तेव्हा सिस्टर दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेचे चिमटे मोजत होती. खोकं त्याने असं धरलं होतं, जसं काही आत तान्हं बाळ झोपलंय.

"हळू ठेवा हो," सिस्टर म्हणाली. "त्या टेबलाचा एक पाय लंगडा आहे."

दातांच्या या दवाखान्यात ती सतरा वर्षं होती. पेशंट तिला सिस्टर म्हणत, डॉक्टर सिस्टर म्हणत, आणि घरी नवऱ्याला चिडवायची लहर आली की तोही सिस्टरच म्हणे. डॉक्टरांनी साठी ओलांडली होती. माणसांशी मऊ, यंत्रांशी तिरसट असा त्यांचा स्वभाव. रक्त फिरवायचं त्यांचं जुनं यंत्र सुरू झालं की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन कुठला ट्रक आला ते बघत. म्हणून कुरकुरत का होईना, नवं बघायला ते तयार झाले होते.

त्या रक्ताचं काम गेली सहा वर्षं सिस्टरकडेच होतं. इम्प्लांट बसवायला आलेल्या पेशंटला ती एकाच सुरात समजावून सांगे, "दात गेला की त्याच्याखालचं हाड झिजत जातं. स्क्रू बसवायचा तर त्याला धरून ठेवायला हाड नको का? म्हणून तुमच्याच हातातून दोन चमचे रक्त घ्यायचं आणि यंत्रात गरागरा फिरवायचं. लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळा, जेलीसारखा गोळा तयार होतो. त्यात प्लेटलेट असतात. कुठे कापलं, खरचटलं की सगळ्यात आधी धावून येतात त्या ह्याच. तो गोळा हाडाच्या पावडरीत कालवून खड्ड्यात भरला की जखम चांगली भरते आणि नवं हाड धरायला हातभार लागतो. जादू नाही, हातभार."

"माझंच रक्त मलाच परत?" पेशंट हमखास विचारी.

"मग? आम्ही फक्त उसनं घेतो."

टायवाल्याने यंत्र मांडलं. पांढरं, गुळगुळीत, झाकणाला छोटी काच. वायर जोडून त्याने हात चोळले. "आता कुणाचं तरी रक्त लागेल, साहेब. नुसतं पाणी फिरवून दाखवलं तर कुणाला पटत नाही."

"तुमचंच घ्या की."

"सुई बघितली की मी आडवा होतो, साहेब. मग यंत्र कोण दाखवणार?"

सिस्टर खळखळून हसली. तिने बाही वर सारली आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. "माझं घ्या. इतकी वर्षं लोकांचं काढतेय, एक दिवस माझंही निघू दे."

रक्त काढायची वेळ डॉक्टरांवर फार दिवसांनी आली होती. पट्टा बांधताना त्यांची त्रेधा उडाली, आणि सिस्टरला तोंडसुख घ्यायची आयतीच संधी मिळाली. "कातडी ताणा डॉक्टर. आणखी थोडी. अहो, शीर आहे ती, अक्कलदाढ नाही, एवढा जोर कशाला?"

नळी भरली. यंत्राचा तोल राहावा म्हणून समोरच्या खाचेत तेवढ्याच पाण्याची नळी ठेवली, झाकण लावलं, आणि टायवाल्याने बटण दाबलं.

आवाज म्हणावा तर नव्हताच. मांजर घुरघुरावं तेवढाच. बारा मिनिटं टायवाला यंत्राचे गोडवे गात राहिला आणि सिस्टर हाताच्या घडीत कापूस दाबून ऐकत राहिली. उद्या त्या ट्रंपेटवाल्याचं काम या यंत्रावर झालं तर बरं, असं तिच्या मनात आलं. तो बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. सायकलवरून पडून वरचे पुढचे दोन दात गेले, तेव्हापासून वाजवणंच बंद होतं. त्या जागी हाड इतकं पातळ झालं होतं की आधी ते भरून काढायचं आणि चार-पाच महिन्यांनी स्क्रू, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

यंत्र थांबलं. सिस्टरने सवयीने स्वतःच झाकण उघडलं, नळी उचलून डोळ्यांसमोर धरली, आणि तिचा हात जागच्या जागी थबकला.

सहा वर्षांत तिने अशा हजारभर नळ्या तरी बघितल्या असतील. तळाला लाल, वर पिवळा गोळा, आणि दोघांच्या मधे केसाएवढी पांढुरकी रेघ. तरण्यांची असो की म्हाताऱ्यांची, पिवळा रंग थोडा फिका-गडद व्हायचा, पण रेघ ती केसाएवढीच. या नळीत रेघ नव्हतीच. लाल आणि पिवळ्याच्या मधे बोटभर जाडीचा राखट पांढरा थर होता, कुणी खडूची भुकटी कालवून ओतल्यासारखा. वरचा पिवळा गोळासुद्धा धड बसला नव्हता.

"हे काय यंत्र आणलंत तुम्ही?" ती टायवाल्यावर उखडली. "काय भलतंच करून ठेवलंय बघा!"

टायवाल्याचा चेहरा पडला. त्याने नळी बघितली, यंत्राचे आकडे बघितले, पुन्हा नळी बघितली. "प्रवासात हिसका बसला असेल मॅडम. असं कधी होत नाही. आईशप्पथ होत नाही."

डॉक्टरांनी तिच्या हातातून नळी घेतली आणि खिडकीशी नेली. उजेडात ती तिरकी केली, सरळ केली. बराच वेळ ते पाठमोरेच उभे होते.

"पुन्हा फिरवू," ते म्हणाले. "सिस्टरचं पुन्हा घेऊ. आणि समोरच्या खाचेत पाणी नको. माझं रक्त ठेवू."

या वेळी कुणी थट्टा केली नाही. डॉक्टरांनी तिच्या दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. मग तिने त्यांच्या हातातून घेतलं, पहिल्याच टोचणीत. दोन नळ्या समोरासमोर बसल्या. बारा मिनिटं तिघंही त्या काचेकडे बघत राहिले. आत काहीच दिसत नव्हतं, तरीही.

झाकण डॉक्टरांनी उघडलं. दोन्ही नळ्या त्यांनी स्टँडमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या.

त्यांची नळी पुस्तकात छापावी अशी होती. तळाला लाल, वर स्वच्छ पिवळा गोळा, मधे केसाएवढी रेघ. शेजारी तिची. त्यात तोच बोटभर पांढरा थर.

एकच यंत्र. एकच वेळ. एकच वेग.

"म्हणजे..." टायवाल्याचा जीव भांड्यात पडला होता, "म्हणजे यंत्र बरोबर आहे ना, साहेब?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने टाय सैल केला आणि कुणी बस न म्हणताच स्टुलावर बसला.

सिस्टरला तो थर कशाचा ते ठाऊक होतं. केसाएवढी रेघ पांढऱ्या पेशींची असते, हे तिने स्वतः कितीतरी पेशंटना सांगितलं होतं. रेघेचा बोटभर थर कधी होतो, हेही शिकताना कधीतरी वाचलं होतं. तो शब्द डोक्यात आला आणि तिथेच अडकून बसला. पण हात मात्र आपोआप चालत होते. तिने वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या, पट्टा गुंडाळला, आणि ती पुन्हा चिमटे मोजायला लागली.

"सिस्टर, ठेवा ते."

"उद्याची तयारी राहिलीय, डॉक्टर."

"ठेवा म्हणतो ना."

त्यांचा आवाज फाटला होता. सतरा वर्षांत त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि हाही चढवलेला नव्हता. तो फुटलेला होता. तिने चिमटा खाली ठेवला.

"वजन कमी झालंय तुमचं?"

"झालंय. मी खूश होते."

"घाम येतो? थकवा?"

"येतो. वयामुळे असेल म्हटलं. अर्ध्या जेवणातच पोट गच्च होतं, म्हणून वजन..." वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आपण काय बोलतोय ते तिच्याच कानांना ऐकू आलं होतं.

त्यांनी तिला खुर्चीत आडवं केलं आणि डाव्या बरगडीखाली बोटांनी दाबून बघितलं. मऊ लागायला हवं तिथे काहीतरी टणक, मोठं होतं. "मी दातांचा डॉक्टर," ते म्हणाले, "पण प्लीहा वाढलेली मलाही कळते." मग त्यांनी हातमोजे काढले आणि गाडीची चावी शोधायला लागले. ती त्यांच्या शर्टाच्या खिशातच होती.

प्रयोगशाळेत नमुना देऊन दोघं बाहेरच्या बाकावर बसले. तासाभराने आतला माणूस स्वतः बाहेर आला. हातात कागद होता, पण देताना तो घुटमळला. "यंत्राने दिलेला आकडा आम्हाला खरा वाटेना. म्हणून काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालीही बघितलं."

पांढऱ्या पेशी असायला हव्यात चार ते अकरा हजार. कागदावर होतं, तीन लाख बारा हजार.

सिस्टरने तो आकडा एकदा वाचला, दोनदा वाचला. मग शून्यावर बोट ठेवून पुन्हा वाचला, जणू एखादं शून्य चुकून पडलं असेल. "हे माझंच आहे?" तिने विचारलं. आपलं नाव वर लिहिलेलं तिला दिसत होतं, तरी विचारलं.

नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिलाईचं दुकान, आणि मशीनवर मान खाली घालून बसला की जग बुडालं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. संध्याकाळी ती आत आली तेव्हा तो कुणाच्यातरी कोटाची कॉलर बसवत होता.

"आज उशीर केलास गं. बस, ही शिवण संपवतो."

"अहो, मशीन बंद करा."

तिचा सूर ऐकून त्याने पाय उचलला. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नवं यंत्र, दोन नळ्या, कागदावरचा आकडा. त्याला पेशींचं काही कळलं नाही, पण तीन लाख आणि अकरा हजार यांतला फरक कळला. तो एकाएकी उठला, फळीवरची मापांची वही काढली आणि पानं उलटायला लागला. तिचं पान सापडलं. दवाखान्यात घालायचा तिचा पांढरा अंगरखा त्याने आठ महिन्यांत तीनदा आत घेतला होता. कंबर चौतीस. कंबर बत्तीस. कंबर एकोणतीस. तिन्ही आकडे त्याच्याच अक्षरात, तारखांसकट.

"मी टेप लावत होतो," तो म्हणाला. "माझ्या हाताने टेप लावत होतो आणि तुला म्हणत होतो, काय गं, पुन्हा लग्न करायचा विचार आहे का?" त्याने वही मिटली, पुन्हा उघडली. "एकोणतीस लिहिलं तेव्हासुद्धा मला काही वाटलं नाही."

"मला तरी कुठे वाटलं?"

"तू नाही बघत. मी बघतो. माझं कामच ते आहे."

तो रडला नाही. पण त्या कोटाची कॉलर त्याने तशीच अर्धवट सोडली. त्याने हातातलं काम अर्धवट सोडलेलं तिने कधी बघितलं नव्हतं, आणि त्या कॉलरकडे बघूनच तिला पहिल्यांदा हुंदका फुटला.

मुलगी दुसऱ्या गावात वसतिगृहात राहून शिकत होती. शेवटचं वर्ष, तीन महिन्यांवर परीक्षा. "तिला नको सांगायला," सिस्टर म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत तरी नको." नवऱ्याने मान हलवली. त्यात हो होतं की नाही, हे तिला कळलं नाही.

रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली होती. सकाळ मोकळी होती. सिस्टर नेहमीच्या वेळी दवाखान्यात हजर झाली. डॉक्टर बघतच राहिले.

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "भिंती मोजू?"

ट्रंपेटवाला आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, नेहमीचं सगळं नेहमीच्या सुरात सांगितलं, फक्त उसन्याचा विनोद केला नाही. त्याचं रक्त घेतलं. जुनं यंत्र ट्रकसारखं धडधडलं आणि थांबलं. नळी उचलताना तिने डोळे क्षणभर मिटून घेतले.

केसाएवढी रेघ.

तिला त्या माणसाचा हेवा वाटला. दोन दात गेलेला, जबड्याचं हाड झिजलेला, धंदा बंद पडलेला माणूस, आणि आपल्याला त्याचा जळफळाट व्हावा इतका हेवा वाटतोय, याने ती हबकून गेली. मग तिने चिमट्याने तो पिवळा गोळा अलगद बाहेर काढला, त्याचा थोडा भाग बारीक कापून हाडाच्या पावडरीत मिसळला, उरलेल्याचा दाबून पातळ पडदा केला आणि डॉक्टरांच्या हाती दिला. डॉक्टरांनी खड्डा भरला, पडदा वर पसरला आणि टाके घातले. काम झाल्यावर हात धुता धुता ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "सतरा वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर उभ्या आहात. मी लोकांच्या तोंडात बघत राहिलो."

"तुमचं कामच ते आहे," ती म्हणाली. म्हटल्यावर तिला कालचं नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि तिने तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि भरभर बोलत. आणखी तपासण्या झाल्या, कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना घेतला, आणि आठवड्याने त्यांनी दोघांना समोर बसवलं. आजार रक्ताचा कर्करोगच होता. नवऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. "पण त्यातला हा प्रकार हळू चालणारा," बाई म्हणाल्या, "आणि यावर गोळी आहे."

"गोळी?" सिस्टरने विचारलं.

"रोज एक. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर."

"केस जातील ना माझे?"

"बहुतेक नाही जाणार."

"ऑपरेशन?"

"नाही. गोळी लागू पडली तर नाही. खूप जणांना पडते आणि ते वर्षानुवर्षं कामधंदा करत राहतात. मी वचन देत नाही, दर काही दिवसांनी तपासत राहावं लागेल. पण एकही दिवस चुकवायची नाही. थोडं बरं वाटलं की माणसं चुकवतात."

आठवडाभर दोघांनी मनातल्या मनात सगळी निरवानिरव करून ठेवली होती. नवऱ्याने तर भावाला बोलावून घेतलं होतं. आणि इथे बाई गोळी सांगत होत्या, तीही जेवणानंतर. सिस्टरला हसू फुटलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती हसतच होती, आणि नवरा भेदरून तिच्या पाठीवर थापट्या मारत होता, जणू तिला ठसका लागलाय.

पहिले काही आठवडे वाईट गेले. मळमळायचं, पायांत गोळे यायचे, डोळ्यांखाली सूज यायची. मग शरीर रुळलं. आकडा लाखावर आला, चाळीस हजारांवर आला, आणि तीन महिन्यांनी कागदावर आठ हजार नऊशे उमटलं. तो कागदसुद्धा तिने शून्यांवर बोट ठेवून वाचला. इतकं मोठं संकट इतक्या मुकाट्याने आलं होतं आणि इतक्या मुकाट्याने मागे सरत होतं, हेच तिच्या पचनी पडत नव्हतं. आजार गेलेला नव्हता, दबला होता. ते बाईंनी बजावूनच सांगितलं होतं.

ती पुन्हा कामावर जायला लागली. ट्रंपेटवाल्याच्या जबड्याचा नवा फोटो आला तेव्हा डॉक्टरांनी तिला हाक मारून बोलावलं. जिथे काळा खड्डा होता तिथे करडं, दाणेदार हाड धरलं होतं. महिनाभराने त्यात स्क्रू बसला. घट्ट.

परीक्षा संपवून मुलगी घरी आली ती रविवारी सकाळी. बॅग टाकली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, आणि फडताळातल्या ग्लासांमागून गोळ्यांची डबी हातात घेऊन बाहेर आली. तिने डबीवरचं नाव फोनवर शोधलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, हे कुणाचं आहे?"

सिस्टरने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मशीनकडे बघितलं.

"माझं."

"कधीपासून?"

"झाले तीन-साडेतीन महिने. अगं, तुझी परीक्षा..."

"दर रविवारी मी फोन करत होते!" मुलगी किंचाळलीच. "दर रविवारी विचारत होते, आई, बरी आहेस ना? आणि तू म्हणायचीस, मला काय धाड भरलीय! तुला खरंच धाड भरली होती, आई! मी तुझ्यावर हसत होते! बाबा, तुम्हीसुद्धा?"

मुलीने डबी टेबलावर आपटली आणि ती गच्चीवर निघून गेली. दोन दिवस ती आईशी एक शब्द बोलली नाही. जेवायला बसे, ताट धुऊन ठेवी, पुन्हा वर. सिस्टरला वाटलं होतं, पोरगी रडेल, गळ्यात पडेल, आपण तिला समजावू. याची तयारी तिने तीन महिने केली होती. या मुकेपणाची नव्हती केली. आकडा वाचताना बसला नव्हता इतका धक्का तिला त्या बंद तोंडाने बसला.

तिसऱ्या दिवशी मुलगी खाली आली. सगळे रिपोर्ट मागून घेतले, फरशीवर तारखांप्रमाणे मांडले, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग आईला जवळ बसवून म्हणाली, "यापुढे माझ्यापासून काही लपवलंस तर मी मिळेल ती नोकरी सोडून इथेच येऊन बसेन. खरं सांगतेय. बघ सोडते की नाही."

"नाही लपवणार."

"तुझ्यावर माझा विश्वास नाही."

म्हणून आता नोकरीच्या गावाहून ती रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन करते. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"घेतलीस?"

"घेतेय."

"फोन जवळ धर. ऐकू दे."

सिस्टर गोळी जिभेवर ठेवते, ग्लास उचलते, आणि पलीकडे ऐकू जाईल असा मोठा घोट घेते. पुढच्या खोलीत मशीन तेवढ्यापुरतं थांबलेलं असतं.

"हं," मुलगी म्हणते. "आता बोल. काल काय काय झालं?"